गुलाबी कडं

१

नोटीस अख्ख्या पानाची होती आणि तिच्यात दूध हा शब्द कुठेही नव्हता.

'तंत्रज्ञ प्रेमला यांनी कामाच्या वेळेत वारंवार जागा सोडली. त्यामुळे दोन मुलींचं रक्त ताटकळलं आणि त्यातून काढलेल्या पेशी खराब निघाल्या. त्यांना नोकरीत कायम का करावं, याचा खुलासा द्यावा.' खाली आमच्या लॅबचे प्रमुख डॉ. निरंजन यांची सही.

रायपूरच्या शंकर नगरातल्या या लॅबमध्ये कुठलीही चूक झाली की ती आधी माझ्या टेबलावर यायला हवी. त्याचाच मला पगार मिळतो. मी सुट्टीवर होते, परत आले, तर चूकही ठरून गेली होती आणि चुकणारीही.

"दीदी, मी काही फिरायले जात नाही," प्रेमला म्हणाली. पाच महिन्यांची पोरगी घरी सासूजवळ ठेवून ती कामाला येते. स्टोअररूममध्ये, हातमोज्यांच्या खोक्यांवर बसून दूध काढते, डबा पिशवीत घालते आणि पुन्हा मशीनपाशी येते. कोणी आत येऊ नये म्हणून कडीला तिची पिवळी ओढणी अडकवलेली असते. तीन वर्षांपूर्वी त्याच खोक्यांवर मी बसले होते. माझी ओढणी निळी होती, आणि मी डॉक्टर होते म्हणून मला कोणी नोटीस दिली नव्हती.

"त्या दिवशी किती वेळ गेलीस?"

"जेवढा लागते तेवढाच. आली तं नळ्या टेबलावर मांडून होत्या. लगेच लावल्या." तिनं कोटाची बटणं लावली. समोर ओलं झालं होतं, ते झाकायला. "सगळं रीतीनं केलं, दीदी. तरी कडं गुलाबी आलं. काहून आलं ते मलेच समजून नाही राहिलं."

आमचं काम सांगायला सोपं आहे. फायकॉल नावाचा जड, पाण्यासारखा स्वच्छ द्रव नळीत घ्यायचा. त्यावर एका पेशंटच्या सगळ्या नळ्यांतलं रक्त एकत्र करून इतकं अलगद सोडायचं की दोन्ही मिसळू नयेत. मग मशीनमध्ये फिरवायचं. लाल पेशी जड, त्या तळाला जातात. वर पिवळसर पाणी राहतं. आणि मधोमध, बोटातल्या अंगठीएवढं, पांढरं कडं तरंगतं. त्यात असतात शरीराच्या राखणदार पेशी. त्या अलगद उचलायच्या. मशीन थांबताना ब्रेक लावायचा नाही, नाहीतर कडं मोडतं. कडं पांढरं हवं. गुलाबी आलं म्हणजे लाल पेशी खाली जायच्या सोडून तिथे अडकल्या. रक्त फार वेळ पडून राहिलं, किंवा गार झालं, तर असं होतं. नोटीस लिहिणाऱ्याला हे नीट माहीत होतं.

"दोन्ही नळ्या गुलाबी?"

"दोन्ही. तिसरी तेवढी पांढरी होती."

"तिसरी कुठली?"

"लोकेशभैयाची."

हे नोटिशीत नव्हतं. आमच्याकडे रीत आहे: पेशंटच्या रक्तासोबत लॅबमधल्या कोणा धडधाकट माणसाचीही एक नळी त्याच फेरीत फिरवायची, म्हणजे मशीनवर भरवसा राहतो. त्या दिवशी पाळी रक्त काढणाऱ्या लोकेशची होती.

"आणि त्याचं रक्त कधी काढलं होतं?"

"सगळ्यात आधी. पोरी यायच्या पहिलेच."

म्हणजे सगळ्यात जास्त वेळ ताटकळलेली नळी सगळ्यात स्वच्छ निघाली होती.

मी नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उघडलं. वाफेतून त्या दिवशीच्या पेशींच्या गोठवलेल्या वायल, छोट्या कुप्या, वर काढल्या. लोकेशची पातळ दुधासारखी. पिंकीची गुलाबी. साक्षीची गुलाबी. मी साक्षीची वायल उजेडात धरली आणि तिच्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

पिंकीची गुलाबी असायलाच हवी होती. साक्षीची असायचं काहीच कारण नव्हतं.

२

पिंकी नऊ वर्षांची. तिला सिकलसेल आहे. साक्षी तिची मोठी बहीण, ठणठणीत. सिकलच्या पेशंटच्या लाल पेशी एकसारख्या नसतात. कच्च्या, हलक्या पेशी खूप असतात, त्या तळाला न जाता कड्यातच रेंगाळतात. तिथे कोणीही कितीही जपून काम करो, कडं गुलाबीच येणार. आणि ठणठणीत पोरीचं रक्त, त्याच मशीनमध्ये, त्याच फेरीत, गुलाबी येत नाही.

मला जे वाटत होतं ते मी मोठ्यानं बोलले नाही. प्रेमलाच बोलली.

"दीदी, ह्या दोन्ही पिंकीच्याच हायेत का?"

हो म्हणायची मला भीती वाटली. कारण याच वायलमधल्या पेशींवर आमच्या लॅबनं दोघी बहिणींची जुळणी तपासली होती. साठवायला खराब ठरलेल्या पेशी जुळणीला चालतात; अहवाल सुंदर होता. दोघी पूर्णपणे जुळतात. साक्षीच्या हाडातला मगज पिंकीला चालेल. सख्ख्या भावंडांत चारातून एकदा असं जुळतं, म्हणून कोणाला शंका आली नाही. निरंजन सरांनी पेढे वाटले होते. पिंकी स्वतःशी जुळली होती, आणि आम्ही पेढे खाल्ले होते.

मी नागपूरच्या हॉस्पिटलला फोन लावला. पिंकी वडिलांबरोबर तिथे भरती झाली होती. तिचा स्वतःचा मगज संपवणारं औषध त्याच दुपारी सुरू होणार होतं. ते एकदा सुरू झालं की मागे फिरता येत नाही. मग न जुळणारा मगज आत गेला तर तो त्या पोरीच्याच अंगावर उठतो.

"अहवाल तुमचाच, डॉक्टर," तिकडचे डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता, वाईट नव्हता. "मी चारपर्यंत औषध रोखतो. तोवर तुमच्या प्रमुखांच्या सहीनं लेखी पाठवा. नुसत्या फोनवर मी एका बापाला काय सांगू?"

मी निरंजन सरांच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"निवेदिता, रंगावरून तू अहवाल मागे घ्यायला सांगतेस?"

"साक्षीच्या वायलमधला लाल द्रव इलेक्ट्रोफोरेसिसला लावलाय. हिमोग्लोबिन कुठलं ते सांगणाऱ्या पट्ट्या येतीलच."

"येऊ देत. आणि समजा नमुना बदललाच असेल, तर तो प्रेमलाच्याच टेबलावर बदलला ना? म्हणजे नोटीस बरोबरच होती."

ते हे शांतपणे म्हणाले. त्या शांतपणाचा मला इतका राग आला की मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

३

शेखर आमचा सीनियर तंत्रज्ञ. नमुने आले की आधी त्याच्या काउंटरवर येतात. तो लेबल लावतो आणि आत देतो. नळ्या, सुया, रसायनं मागवणंही त्याच्याकडेच. चौबे कॉलोनीत राहतो, सगळ्यांच्या वाढदिवसाला केक आणतो. नोटिशीचा मजकूर त्यानंच सरांना लिहून दिला होता.

"मॅडम, आप टेन्शन मत लो," तो म्हणाला. "माझं तिच्याशी काही वैर आहे का? बहिणीसारखी आहे. पण घरी बाळ असलं की बाईचं मन तिथंच राहतं. नॅचरल आहे."

"नळ्या तूच तिच्या टेबलावर ठेवल्यास?"

"मीच. ओढणी लटकत होती, प्रेमला आत. मग ठेवून आलो. मे महिना, एसी तसाच रडत होता. रक्त पडून राहिलं की गोठायला लागणारच ना."

"तिसरी नळी नोटिशीत का नाही?"

"ती पेशंटची थोडीच आहे?" तो हसला. "स्टाफची आहे. पेशंटचं तेवढं लिहिलं."

लोकेश मात्र हसला नाही. घरात मराठी ऐकलेला, उत्तर हिंदीतच देणारा पोरगेलासा माणूस. खुर्चीवर टेकलासुद्धा नाही.

"हव मैडम, दोनों का मैंने ही निकाला. पहले छोटी का, फिर बड़ी का."

"मोठीचं नक्की काढलंस? ती घाबरली, पळाली, असं काही?"

"नहीं मैडम. बड़ी तो एकदम शेर है. छोटी ही रोई थी."

"मग साक्षीच्या नळीत पिंकीचं रक्त कसं आलं?"

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दारापलीकडे शेखरचं काउंटर होतं.

"ट्यूब तो ट्यूब होती है मैडम," तो म्हणाला. "मैं निकालता हूँ, दे देता हूँ. बस."

तो खोटं बोलत नव्हता. पण त्याच्याजवळ आणखी काहीतरी होतं, आणि ते या इमारतीत तो सांगणार नव्हता. म्हणून मी स्कूटी काढली. आता उरली होती ती, जिच्या हातातून रक्त निघालं होतं.

४

अंजनाबाई आणि साक्षी ब्राह्मणपाऱ्यात नणंदेकडे थांबल्या होत्या. त्यांना दुसऱ्या दिवशी नागपूरला निघायचं होतं, सामान बांधून तयार. अंजनाबाईंचा नवरा भैय्यालाल डोंगरगडला रेल्वेत. पिंकीला घेऊन तो पुढे गेलेला. अंजनाबाईंच्या मांडीवर सगळ्यात धाकटी निधी झोपली होती, तोंड उघडं, कपाळ घामेजलेलं.

"जयभीम मॅडम. बसा. काई राह्यलं का आमचं?"

मी अजून काही सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. त्या बाईनं माझ्यासाठी पंखा वळवला, तेव्हा ते फार अवघड झालं.

"साक्षीशी थोडं बोलायचंय."

साक्षी अकरा वर्षांची. दोन वेण्या, तोंडावर राग. तिच्या कोपराच्या खळीत पिवळा पडलेला जुना डाग होता. सुई टोचली होती, यात शंका नाही.

"दुखलं होतं का गं?"

"नाही. मी नाही रडली. पिंकी रडली, तं तिले हिरव्या मिळाल्या."

"काय हिरव्या?"

"झाकणं. तिच्या सगळ्या नळ्याले हिरवी झाकणं. चार होत्या. माह्या बारीले भैया म्हणे, खतम हो गई. मंग मले लाल दिल्या."

"पोट्टी तवापासून तेच घेऊन बसली," अंजनाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, बाई, रक्त लालच हाय, झाकण लाल असलं तं काय झालं?"

मला पुढचं ऐकू आलं नाही. प्रेमलाच्या वहीतल्या नोंदीनुसार तिच्या टेबलावर दोघींच्या नावानं दोन दोन नळ्या आल्या होत्या. चारही हिरव्या झाकणाच्या.

"तीन पोट्ट्या झाल्या म्हणून लोकं बोलत होते," अंजनाबाई सांगत होत्या. त्यांचा हात निधीच्या केसांवरून फिरत होता. "सासूबाई तं तोंड पाहत नोती. आता म्या सगळ्याइले सांगितलं, पाहा, बहिणीनंच बहिणीले वाचवलं. मॅडम, तुम्ही काहून अशा पाहून राहिल्या?"

मी त्यांना सांगितलं. सगळं. अजून जे सिद्ध झालं नव्हतं तेही. कारण ती त्या मुलीची आई होती आणि औषध तिच्या मुलीला जाणार होतं.

त्या ओरडल्या नाहीत. मांडीवरच्या निधीला उचलून त्यांनी गादीवर नीट ठेवलं, डोक्याखाली टॉवेल सरकवला, आणि उठल्या.

"चाला. त्या माणसाले मले पाहाचं हाय."

५

सरांच्या खोलीत आम्ही सात जण झालो: सर, शेखर, लोकेश, प्रेमला, मी, आणि दाराशी अंजनाबाई साक्षीचा हात धरून. बाहेरच्यांनी आत थांबू नये, असं सर म्हणाले. अंजनाबाई हलल्या नाहीत.

मी आधी इलेक्ट्रोफोरेसिसचा कागद ठेवला. रायपुरात ज्या घरात सिकल आहे त्या घरात या पट्ट्या कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. साक्षीच्या कार्डावर एएस लिहिलेलं आहे. म्हणजे ती नुसती वाहक, तिच्या रक्तात दोन पट्ट्या हव्या, निरोगी ए आणि सिकलची एस. तिच्या नावाच्या वायलमध्ये एची पट्टी नव्हतीच.

"हे माहं नाही," साक्षी म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"ठीक आहे," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "पण बदललं कोणी? टेबल प्रेमलाचं—"

"साक्षीचं रक्त लाल झाकणाच्या नळ्यांत काढलं गेलं. हिरव्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, लाल नळीत नसतं. लाल नळीतलं रक्त थोड्या वेळात थिजतं, त्यातून कडं निघूच शकत नाही. प्रेमलाला त्या नळ्या मिळाल्या असत्या तर तिनं तिथल्या तिथे परत केल्या असत्या. तिला मिळाल्या चार हिरव्या. म्हणजे बदल झाला तो तिच्या टेबलाच्या आधी. लोकेश आणि प्रेमला यांच्यामध्ये या लॅबमध्ये एकच जागा आहे."

कोणी शेखरकडे पाहिलं नाही. सगळ्यांना तो दिसत होता.

"मॅडम, लोकेशनं सांगितलं का हे?" शेखर म्हणाला. "तो काहीही—"

"तू सांगितलंस. सकाळी म्हणालास, रक्त पडून राहिलं की गोठायला लागणारच. वीस वर्षं नळ्या हाताळणारा माणूस हिरव्या नळीबद्दल असं बोलत नाही. मे असो की डिसेंबर, त्यात रक्त गोठत नाही. प्रेमला गोठण्याबद्दल अवाक्षर बोलली नाही, तिनं पाहिलंच नव्हतं. ते ज्यानं पाहिलं, त्याच्याच तोंडून निघालं."

लोकेश एकदम बोलला, भिंतीकडे तोंड करून. "मैंने बोला था सर, हरी ट्यूब खतम है. भैया बोले, जो है उसी में ले ले, मैं देख लूंगा."

"आणि लोकेशच्या नळीचा उल्लेख नोटिशीत नाही," मी म्हणाले. "कारण ती एक नळी सांगितली असती तर नोटीसच उरली नसती."

शेखर खाली बसला. 

"ऑर्डर टाकायची राहिली होती," तो म्हणाला. "सरांनी मागेच वॉर्निंग दिली होती. साक्षीचं गोठलं, आणि ते लोक डोंगरगडहून आलेले. पुन्हा बोलावलं असतं तर सरांना कळलं असतं. पिंकीच्या चार होत्या. मी दोनवर साक्षीचं लेबल लावलं. मला वाटलं, नुसतं साठवायचं आहे, संशोधनाचं आहे. कसम से, जुळणी याच्यावरच करणार हे मला माहीत नव्हतं."

"आणि माहीत झालं तेव्हा?"

त्यानं खिशातला पेन काढून पुन्हा खिशात ठेवला.

"पेढा खाल्लास ना, शेखर?"

एका क्षणाच्या भित्रेपणाला मी माफ केलं असतं. पण त्यानंतर तो रोज आला, चहा प्यायला, आणि गुलाबी रंगाचा जाब कोणी विचारेल म्हणून त्यानं आधीच एक नाव शोधून ठेवलं. दाराला अडकवलेली ओढणी त्याला दिसली होती. एक बाई आपल्या लेकराचं दूध काढत होती, तेवढ्याच वेळात त्यानं दुसऱ्या बाईच्या लेकराचं नाव पुसलं, आणि दोष तिच्या दुधावर टाकला.

अंजनाबाई दारातून पुढे आल्या. शेखर उठून उभा राहिला, मार खाणार असल्यासारखा.

"तुले पोरं हायेत?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"बरं." त्या एवढंच म्हणाल्या आणि सरांकडे वळल्या. "सही करा."

६

सरांनी सही केली. मी पत्राचा फोटो नागपूरला पाठवला आणि फोन कानाला लावून उभी राहिले. डॉक्टरांनी वाचलं, दोनदा. मग म्हणाले, "औषध कॅन्सल करतो. पोरगी आत्ता वॉर्डात चित्रं काढतेय."

मी ते शब्द अंजनाबाईंना तसेच सांगितले. तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या, भिंतीला टेकून, साक्षीची वेणी मुठीत धरून.

सरांनी मला बाजूला घेतलं. "वेळेत सापडलं. नुकसान काही झालं नाही. शेखरला मी काढतोच आहे. बाकी हे लॅबच्या आतच—"

"पत्रात सगळं लिहिलंय, सर. कारणासकट. तुम्ही सही केलीत."

त्यांनी ते नीट वाचलं नव्हतं. मग त्यांनी प्रेमलाला बोलावलं आणि तिच्यासमोर नोटीस फाडायला घेतली.

"फाडू नका," प्रेमला म्हणाली. "खाली लिहून द्या का हे खोटं होतं, आणि मले त्याची कापी द्या. माही पोट्टी मोठी झाली की तिले दाखवीन."

त्यांनी लिहून दिलं.

लोकेशनं साक्षीचं रक्त पुन्हा काढलं. नव्या, हिरव्या झाकणाच्या नळ्यांत. तिनं हात पुढे केला आणि सुई आत जाताना झाकणाकडेच पाहत राहिली. या खेपेला कडं पांढरं आलं. आणि जुळणी अर्धीच निघाली. साक्षीचा मगज पिंकीला चालणार नव्हता. मी तेच सांगायला ब्राह्मणपाऱ्यात गेले. साक्षी उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. अंजनाबाईंनी बांधून ठेवलेली पिशवी पायानं मागे सरकवली. निधी त्यांच्या मांडीवरून उतरून माझ्या पर्सची चेन ओढायला लागली.

मी त्या दोन वर्षांच्या पोरीकडे पाहिलं आणि मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

"अंजनाबाई, निधीचं कधी तपासलं?"

"हिचं? नाही. साक्षीचं जुळलं म्हणे, मंग हिचं कोण पाहाते?"

तीन पोरी. लोकांनी ज्यांच्यासाठी या बाईला टोमणे मारले त्या तीन. एका खोट्या अहवालामुळे तिसरीकडे कोणी वळून पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निधी आमच्या लॅबमध्ये भयंकर रडली. लोकेशनं गाणं म्हटलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी साक्षीनं तिच्या मुठीत एक रिकामी, हिरव्या झाकणाची नळी दिली, तेव्हा ती हुंदके देत थांबली. रक्त थोडंच मिळालं. प्रेमलानं ते फायकॉलवर सोडलं, इतकं हळू की तिच्या हाताला पाहून माझाही श्वास हळू झाला. स्टोअररूमच्या दाराला आता आतून कडी होती. पिवळी ओढणी प्रेमलाच्या खांद्यावर होती.

मशीन फिरत राहिलं. मग आवाज उतरायला लागला.

"थांबवा ना आता," अंजनाबाई म्हणाल्या. "किती येळ?"

"ब्रेक नाही लावायचा, बाई," प्रेमला म्हणाली. "मोडते. आपोआप थांबू द्या."

आम्ही चौघी उभ्या राहिलो. झाकण उघडलं. प्रेमलानं नळी उजेडात धरली, आणि साक्षी टाचा उंचावून पाहायला लागली. खाली लाल, वर पिवळं. मधे, निधीच्या करंगळीत बसेल एवढं, एक पांढरंशुभ्र कडं.

"हे हिचंच हाय ना?" अंजनाबाईंनी विचारलं.

"हिचंच," प्रेमला म्हणाली. लेबलवरचं नाव तिनं मोठ्यानं वाचलं आणि मगच पेशी उचलायला घेतल्या.